खंडेनवमीला सापडलेली जहाजाची घंटा

ती घंटा आजही माझ्या कानात आहे. मी आता पोलीस नोकरीत नाही. तेव्हा चाकणला उपनिरीक्षक होते, नवी आणि कमी बोलणारी.

मुंबईतल्या एका चर्चची पितळी घंटा चाकणला कडीच्या दुरुस्तीसाठी निघाली आणि पोचलीच नाही. चर्च इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातलं, घंटा एका व्यापारी जहाजावरची. टेम्पोचालक म्हणे, घंटा चढवलीच नव्हती. चर्चचे वृद्ध राखणदार काका म्हणत, मी स्वतः चढवली. चर्चच्या लोकांनी काकांवरच संशय घेतला आणि त्यांच्याकडून किल्ल्या काढून घेतल्या.

खंडेनवमीला आमच्या हवालदारांनी मोबाइल पुढे केला.

"मॅडम, मेव्हण्याचं स्टेटस बघा."

त्याच्या वर्कशॉपमधली पूजा होती. लेथ, पाने, झेंडूच्या माळा, आणि मधोमध हळदकुंकू लावलेली घंटा. तिच्यावर जहाज कोरलेलं.

आम्ही तिथे पोचलो तसा मेव्हणा गडबडला. "भंगारवाल्यानं कापायला टाकली होती. पण आज हत्याराला हात लावत नाहीत ना. म्हटलं, घंटाच आहे, मांडू पूजेत."

हवालदारांनी पंचनामा उरकला आणि पेढाही. भंगारवाल्याने टेम्पोचालकाचं नाव सांगितलं.

चौकशीत मी टेम्पोचालकासमोर घंटेचा फोटो ठेवला आणि गप्प बसले. मला गप्प बसण्याची सवय आहे, बहुतेकांना नसते. तो कपाळ पुसू लागला.

"मॅडम, काहीतरी विचारा की!"

"भावा, त्या विचारत नाहीयेत तोवर सांगून टाक," हवालदार म्हणाले.

त्याने सांगितलं. विकली होती.

कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल परत द्यायला एका रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. उंच पांढरे खांब, भिंतींवर जहाजांच्या कप्तानांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संगमरवरी पाट्या. बाकं भरलेली. काका मात्र दाराबाहेर उभे होते.

पावतीवर सही झाली. निघायला हरकत नव्हती. पण मी वेदीपाशी गेले. एवढ्या लोकांपुढे मी शाळेतही कधी बोलले नव्हते.

"घंटा टेम्पोचालकाने विकली," मी म्हणाले. "काका खरं सांगत होते."

मग पुढच्या बाकावरच्या एक आजी दाराकडे वळून ओरडल्या, "अरे, बाहेर काय उभा राहिलास? ये आत, वाजव!"

काकांनी अशी वाजवली की खांबांवरची कबुतरं उडाली. सगळे हसत होते, हवालदार सर्वांत मोठ्याने.

तपासाने मला एक गोष्ट शिकवली. संशय आपण चारचौघांत घेतो आणि तो मिटल्याचं कागदावर कळवतो. तेही चारचौघांतच सांगायला हवं, आवाज कापत असला तरी.