टॅक्सी आहे, जाऊ द्या!

आमचे हे मोटारींच्या कारखान्यात गाद्या भरायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. गाड्यांतलं जे काही कळतं ते त्यांच्यामुळे.

कारखान्यात साध्या गाड्या व्हायच्या. निम्म्याअधिक टॅक्सीला जायच्या. पुढे विलायती गाड्या मिळणं कठीण झालं, तेव्हा साहेबांच्या डोक्यात आलं की श्रीमंतांची गाडीही आपणच करावी. सांगाडा तोच, इंजिन तेच. बाहेर चकचकीत पट्ट्या आणि आत चामड्याच्या गाद्या. एक गिरणीवाला शेठ ती बसून बघणार होता. त्याला पसंत पडली तर या गाडीचं वेगळं खातं निघणार आणि आमच्या यांना कायम करणार, असं ठरलं. हे चार-पाच वर्षं बदलीवर होते. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर परत घरी.

महिनाभर घरात दुसरा विषय नाही. चामडं घरी आणायचे. माझ्या मशीनची सुई त्यात मोडायची, म्हणून गादीच्या कडेची किनार मी हाताने शिवली. बोटांची चाळण झाली. शेजारीच हे कपाटाचं दार उघडायचे, लावायचे.

"ऐकलंस? खण्ण. आपल्या गाडीचं दार असं वाजतं. विलायती गाडीचं कसं? धप्प."

"मग?"

"मी दारात घोंगडीचे तुकडे ठासलेत. आता आपलंही धप्प वाजतं."

"आणि चालते कशी?"

"चालायला काय झालं? टॅक्सी चालते तशीच."

"मग शेठ टॅक्सीच का घेत नाही?"

"तुझं तोंड आवर."

मी आवरलं. पण तो प्रश्न डोक्यातून काही जाईना.

शेठ येणार तो दिवस नेमका हरताळाचा निघाला. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र पाहिजे म्हणून तेव्हा सारखं काही ना काही चालूच असायचं. साहेब म्हणाले, मोर्चा दुपारी आहे, आपण सकाळीच परळहून एक फेरी मारून येऊ. यांना ड्रायव्हरच्या शेजारी बसवायचं ठरलं, दाभण-दोरा घेऊन. वाटेत शिवण उसवली तर माणूस हाताशी हवा.

हे गेले आणि मला घरात बसवेना. भात चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. शेवटी चाळीतल्या बायका घोषणा देत निघाल्या, त्यांच्याबरोबर लालबागच्या नाक्यावर गेले. तिथे माणसं सकाळपासूनच जमली होती. बायका घोषणा देत होत्या आणि मी मान वळवून वळवून परळकडे बघत होते.

तेवढ्यात कुणाची तरी लांबलचक विलायती गाडी आली. कुणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. धडाधड दगड. पुढची काच फुटली, गाडी तशीच पळाली. आणि तिच्या मागून आमची.

पुन्हा दगड उचलले गेले. मागच्या गादीवर शेठ आणि साहेब. पुढे हे, दोऱ्याचं रीळ छातीशी धरून.

मी ओरडले, "टॅक्सी आहे रे! जाऊ द्या!"

हात थांबले. टॅक्सीवाला म्हणजे आपल्यातलाच, त्याच्यावर कोण दगड टाकणार? "टॅक्सी हाय, सोडा!" पुढून कुणीतरी ओरडलं. "गिऱ्हाईक जाडं गावलंय लेकाच्याला!" म्हणून हशा झाला. रस्ता मोकळा झाला. एक म्हातारा तर खिडकीशी वाकून विचारायला लागला, "भायखळ्याला सोडतोस काय रे?" गाडीला मीटर नव्हता. अंगावर एवढ्या पट्ट्या होत्या. कुणी बघितलंही नाही.

संध्याकाळी हे आले. चहा तसाच ठेवला.

"काय म्हणाला शेठ?"

"म्हणाला, मिस्त्री, गादी फर्स्टक्लास. पण नाक्यावरचा माणूस जिला टॅक्सी म्हणतो, ती मी दारात उभी करू? माझ्या जुन्या विलायती गाडीला कुणी म्हटलं असतं का टॅक्सी?"

"मग?"

"मग काय. उद्या फाटकावर." त्यांनी टोपी खुंटीला लावली. "कोण बया ओरडली कोण जाणे."

"मी ओरडले."

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "काच फुटली असती फार तर. काच बदलता येते."

"तुमचं डोकं बदलता आलं नसतं."

"अगं, पण टॅक्सी? डॉक्टरची गाडी आहे म्हणायचं होतंस! त्यालाही सोडलं असतं की त्यांनी!"

खरं होतं. डॉक्टरच्या गाडीला कुणी हात लावला नसता आणि शेठचाही मान राहिला असता. मी म्हटलं, घाबरले, सुचलं नाही. ते जेवून उठले. पुढे दोन वर्षं ते बदलीवरच राहिले.

घाबरले होते, ते खोटं नाही. पण महिनाभर त्या गाडीची किनार मी शिवली होती, आणि परळकडून ती येताना लांबून मलाही टॅक्सीच दिसली. हे मात्र मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.