बोटीत जागा होती

अन्वी, ईशान, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – तुमच्या बाबाला नाही, आजोबांना तर नाहीच. आत्याआजी गेल्याचं कळवलं, तेव्हा फोनवर तुम्ही रडता रडता हसलात. "आजी, तिला बोट लागायची ना गं!" मी 'हो' म्हणाले. तो 'हो' आता मला झेपत नाही. म्हणून लिहिते आहे.

सुट्टीत अलिबागला आलात की तुम्ही बादलीत कागदी होड्या सोडायचात आणि आत्याआजी डोकं धरून ओरडायच्या, "अगो बाय माझे, फिरलं डोकं!" तुम्ही हसून लोळायचात. माझ्याकडे मात्र त्या तेव्हा कधी बघायच्या नाहीत. ते तुमच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

ही थट्टा कुठे सुरू झाली?

आजोबांची ही मोठी बहीण, माझ्या वन्सं, तरुणपणीच विधवा होऊन तळा गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. एकदा आजोबांच्या ऑफिसातली मुंबईची मंडळी आली. त्यांना रेवसला लाँचवर सोडायला निघालो, तर वन्संही जीपमध्ये बसल्या. वाटेत कुणीतरी म्हणालं, अजून वेळ आहे, खांदेरी बेट बघू या – आणि गाडी थळच्या किनाऱ्याकडे वळली. वन्सं केवढ्या हरखल्या! बेटावर एक दगड आहे, ठोकला की भांड्यासारखा वाजतो, हे त्यांनी ऐकलं होतं. पदर खोचून सगळ्यांच्या आधी त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या.

आणि मला – कसं लिहू? – मला त्यांची लाज वाटत होती. त्यांच्या मोठ्या आवाजाची, 'हाय-न्हाय'ची, पाहुण्यांच्या हातावर ठेवलेल्या उकडलेल्या शेंगांची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली ना! थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, त्या मला नको होत्या.

"ये गो आये, बस," होडीवाल्याने हात पुढे केला. "जागा हाय."

"नको, त्यांना बोट लागते," मी म्हणाले.

वन्सं तोवर कधी बोटीत बसल्याच नव्हत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग होडीवाल्याकडे पुढे केलेला आपला हात मागे घेतला. "व्हय रे बाबा," त्या हसून म्हणाल्या, "मला लागते. तुम्ही या जाऊन."

परतल्यावर एवढंच विचारलं – वाजतो का गं तो दगड? मी म्हणाले, नुसता दगड आहे हो. तो वाजला होता.

इथेच संपलं असतं तर? पण घरात ते खरं होऊन बसलं. पुढे आजोबा मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये अगदी शेवटच्या घटका मोजत होते. तुमचा बाबा आणि मी लाँच गाठायला निघालो, तेव्हा वन्सं पिशवी घेऊन दारात उभ्या. "मीपण लाँचनंच येऊ का?"

"आत्या, तुला बोट लागते. तू एसटीनं ये," बाबा म्हणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थळला पाहिलं होतं, तसंच. एक वाक्य पुरलं असतं – पण मुलासमोर खोटी ठरले असते. मी पर्सची चेन लावत राहिले.

एसटी पनवेलवरून फिरून पोहोचली, तोवर त्यांचा भाऊ गेला होता.

त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. कुणाला सांगितलंही नाही. आणि मी? तुमच्या होड्यांसाठी बादली मीच भरून द्यायचे.

त्यांना बोट कधीच लागत नव्हती. वन्सं आता नाहीत. थट्टा अजून आहे.