डाव्या पायाचे तीन बूट

"पडली नाही जी मी, बसली."

मैदानावर पडली की ती हेच म्हणायची. गुडघ्यातून रक्त येत असले तरी. मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागच्या रॅकमध्ये तीन बूट दिसले, तिन्ही डाव्या पायाचे, म्हणून तुम्ही हसलात. ते तिचे आहेत.

ती करडी गावची. वडील तिथल्या तलावात मासे धरतात. जन्मापासून तिची उजवी बाजू आखडलेली: हात छातीशी दुमडलेला, पावलाची टाच टेकत नसे. दिव्यांगांच्या धावण्याच्या स्पर्धेचा इंग्रजी अर्ज भरून घ्यायला ती एसटीने भंडाऱ्याला माझ्याकडे आली आणि मग रोजच येऊ लागली, कारण मैदान माझ्या घरासमोर. चपला काढून बूट घालायची ती इथेच.

धावताना उजवे पाऊल घासत जाई. काही महिन्यांत त्या बुटाचा पुढचा भाग फाटे. नवा जोड आला की मी जुना टाकायला निघे.

"डाव्याचं काय बिघडलं जी? राहू द्या ना त्याले."

म्हणून फाटका उजवा कचऱ्यात, चांगला डावा रॅकमध्ये.

दोनशे मीटरमध्ये ती राज्यात पहिली आली. गावातली एक बाई म्हणाली, "लंगडी धावते म्हणे!" हिचे उत्तर तयार होते: "तू धावून दाखव ना वो काकू, दोन्ही पायानं."

या स्पर्धांत शरीर किती आखडले आहे ते तपासून गट ठरवतात, म्हणजे सारखे सारख्यांशी धावतात. देशपातळीवर जाण्याआधी तिची पुन्हा तपासणी होती, नागपूरला. सोबत मी गेले.

आता माझे ऐका. मी चाळीस वर्षे शाळेत मुलींना ताठ उभे राहायला शिकवले. तिच्या आईने लग्नकार्यात तिचा हात ओढणीखाली झाकायला शिकवले. त्या सकाळी मी जवसाचे तेल कोमट केले, तासभर तिचा पाय चोळला आणि म्हटले, "पाहुण्यांसमोर जातेस तशी जा. हात ओढणीखाली, पाऊल सरळ."

ती तशी गेली. इतकी सरळ चालताना मी तिला कधीच पाहिले नव्हते. डॉक्टरांनी घोटा वाकवून पाहिला, चालवून पाहिले, लिहून घेतले. बाहेर येऊन तिने विचारले, "पास झाली का जी मी?"

निकालाचा कागद इंग्रजीत होता. तो वाचताना मला कळले की मी काय केले. ज्यांना सर्वांत कमी त्रास, त्यांच्या गटात तिला टाकले होते.

शर्यतीत बाकीच्या मुली पाणी पीत होत्या तेव्हा ती रेषेवर पोचली, आणि कोसळली. मी धावत गेले. तिच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहत उभी राहिले.

"पडली जी," ती म्हणाली.

फेरतपासणीसाठी मी चार पत्रे लिहिली. माझी चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली. मंजुरी आली, पण तोवर ती नागपूरला साड्यांच्या दुकानात लागली होती. मी फोन केला.

"आता कायले जी मॅडम? इथं कोणाले समजतच नाही मले काही आहे म्हणून. हात ओढणीखाली ठेवून राहिली ना मी. तुम्ही शिकवलं तसं."

तिने ते टोमणा म्हणून म्हटले नव्हते. तेच अजून मनातून जात नाही.

समोरच्या मैदानावर आता संध्याकाळी क्रिकेट चालते. मी दर रविवारी रॅक पुसते. तिन्ही बूट नव्यासारखे आहेत. बघून कुणालाही वाटेल, ही मुलगी नीट चालत असणार. तपासणीला न्यायला हवे होते ते घासून फाटलेले उजवे. ते मी एकेक करून, कागदात नीट गुंडाळून, टाकून दिले होते.