भट्टीचा तिसरा हिस्सा

सबमिट थेअर. नाव बापाने ठेवलं होतं. अर्थ, नमतं घे. बेचाळीस वर्षं तिने ते नाव राखलं.

१८१७च्या फेब्रुवारीत नवरा गेला. विधवेला कायद्याने तिसरा हिस्सा. गावच्या पंचांनी घर मोजून कागद केला: पूर्वेची खोली, पुढच्या दाराने येण्याजाण्याचा हक्क, आणि आठवड्यातून दोन दिवस पाव भाजायची विटांची भट्टी. बाकी सगळं सावत्र मुलाचं, आसाहेलचं.

"मंगळवार आणि शुक्रवार," आसाहेलने वाचून दाखवलं. "एरवी भट्टी माझ्या बायकोची. तुझं काही अडायचं नाही, आई."

"आणि दार? येतानाच माझं, की जातानाही?"

"दोन्ही. लिहिलंय."

"देव पावला."

मागच्या जूनमध्ये बर्फ पडून मका उभ्याउभ्या काळा पडला होता. मॅसॅच्युसेट्सच्या त्या डोंगरात दर वसंतात शेतातून नवे दगड वर येत. तेवढं एकच पीक कधी बुडालं नाही. अर्धं गाव ओहायोला निघालं होतं. कुणी काळ्या जमिनीसाठी, कुणी घरातला चौथा भाऊ, वाट्याला जमीन उरत नाही म्हणून. तिचा धाकटा भाऊ रूफसही बैल जुंपणार होता.

"ताई, तिकडे नांगर लोण्यातून जातो म्हणे."

"दार आहे का?"

"अगं, घरच नाही अजून!"

"मग येते."

गाव सोडलं की हिस्सा गेला. परत यावं लागलं तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर हात पसरावा लागणार. हे तिला ठाऊक होतं.

निघायचा दिवस मंगळवार. तिने भट्टी पेटवली नाही. पहार घेतली आणि विटा सुट्या करायला लागली.

आसाहेल धावत आला. "आई! हक्क वापरायचा आहे, न्यायचा नाही!"

"आज मंगळवार. आज भट्टी माझी."

"पंचांना बोलावतो."

"बोलाव. मोजायला बरे आहेत ते."

पंच आले तोवर काजळी धरलेल्या चाळीस विटा गाडीत चढल्या होत्या. "बैल विटा खात नाहीत, ताई," रूफस कुरकुरला.

"उतरव त्या, सबमिट," पंच म्हणाले.

"नाही."

तो शब्द तिच्या तोंडून गावाने पहिल्यांदाच ऐकला. कुणी पुढे झालं नाही. ती आत गेली, टोपी घातली, आणि पुढच्या दाराने बाहेर आली.

"जायचा हक्क वापरला," ती आसाहेलला म्हणाली. "यायचा तुला ठेव."

ओहायोत ऑगस्टमध्ये भट्टी उभी राहिली. खाली त्या काळ्या विटा, वर नदीकाठची माती. मक्याचा पहिला पाव तिने बुधवारी भाजला.