गोट्याची शुगर

म्हातारं माणूस आजारी पडलं की लोक सफरचंदं घेऊन येतात. मांजर आजारी पडलं की नुसते सल्ले घेऊन येतात, आणि जाताना एकेक किस्सा मागे ठेवून जातात. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "बाई, बोक्याचं सांगा ना!" मी सांगते. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते. घडत होतं तेव्हा मात्र एकदाही हसू आलं नव्हतं.

शेणव्याला आमचं घर. घरात मी, आमचे मिस्टर, सासरे आप्पा आणि गोट्या. मिस्टर आसनगावहून लोकलने रोज कल्याणला कामावर जातात. गोट्या म्हणजे आमचा पिवळा बोका. भाताच्या उडवीत, पेंढ्यांच्या ढिगात, आप्पांना सापडला, तेव्हा मुठीत मावत होता. पुढे एवढा फुगला, की उंबऱ्यात बसला तर माणसाला वळसा घालून जावं लागे.

असा हा बोका एकाएकी वाळायला लागला. खायचा दुप्पट, पाणी प्यायचा चौपट, आणि मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा.

आधी गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. ते म्हणाले, "बाई, म्हैस पाणी पीत नाय म्हणून लोक माझ्याकडं येतात. बोका पाणी पितो म्हणून आलेल्या तुमी पहिल्याच!"

पण माणूस चांगला. त्यांनीच कल्याणच्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. बाईंनी गोट्याच्या कानाला टोचून थेंबभर रक्त काढलं, मशीन बघितलं आणि म्हणाल्या, "डायबेटिस. दिवसातून दोनदा इन्सुलिन. कायमचं."

 परत आल्यावर घराच्या पायरीवर चप्पल काढताना मिस्टर म्हणाले, "माणसांचे रोग कमी पडत होते का आपल्या घराला?"

* * *

कारण शुगर आमच्या घरात आधीपासून होतीच. आप्पांना. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. त्यांच्या डॉक्टरांनी कधीचं इन्सुलिन सांगितलेलं. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "सुई मारून घ्याया मी काय गोधडी हाय?"

गोट्याचं कळलं तेव्हा त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुला पन लागली काय रे?" परमुलखात गाववाला भेटावा तसा चेहरा झाला होता त्यांचा!

* * *

इन्सुलिन आणायला मी शहापूरच्या एका मेडिकलमध्ये गेले. दुकानदार नवा होता.

"पेशंटचं नाव?"

"गोट्या."

"वय?"

"नऊ."

त्याचा हात थांबला. "अरेरे! एवढ्याशा पोराला? शाळेत जातो का?"

"नाही हो. दिवसभर चुलीपाशी पडून असतो."

त्या माणसाच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "ताई, धीर सोडू नका. पोरगं गुणी आहे ना?"

"गुणी आहे. फक्त उंदीर धरायचे सोडलेत."

मग काय! त्याचं पाणी जागच्या जागी आटलं. सगळं दुकान हसलं. हा किस्सा मी इथेच संपवते, कारण इथवर तो चांगला आहे.

पण माझ्या शेजारी, माझ्याआधीपासून, एक बाई उभी होती, खांद्यावर रिकामी पिशवी. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या माणसाला सुई लिवून दिलेली. चार म्हैने घेतली, मग नाय परवडली. तुमच्या बोक्याला मिळते, बरं हाय." आणि माझ्यासाठी बाजूला सरकली. मला आधी घेऊ दिलं.

* * *

सल्ले! शेजारच्या बाळीकाकूंनी कारल्याचा रस आणला. गोट्याने तो हुंगला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो केला होता. एकाने मेथीचे दाणे सांगितले. एकाने काळा दोरा. बाळीकाकूंचं रोज कुंपणावरून चालायचं, "दूध-भात बंद केलास गो त्याचा? पाप लागल. भुकेला जीव हाय!"

सगळ्यात सोपा उपाय माझ्या थोरल्या नणंदेचा. सुमनताई, मुरबाडला दिलेल्या. फोनवर म्हणाल्या, "पोत्यात घाल आन् सिद्धगडच्या रानात सोडून ये. रानातल्या मांजरांना कुठं असते शुगर?"

मी म्हटलं, "ताई, रानात मेलेल्या मांजरांची कोण तपासतं?"

त्या दिवसापासून त्या माझ्याशी 'कशी हायस' एवढंच बोलायच्या.

* * *

तर रोज सकाळ-संध्याकाळ सुई. गोट्याचं खाणं मोजून, उकडलेली कोंबडी नाहीतर मासळी. आणि तरी शुगर खाली येईना! एक दिवस जरा उतरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आभाळात. डॉक्टरीणबाईंनी डोस वाढवला. पुन्हा वाढवला. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी गोडधोड घालतं का त्याला?"

मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्याकडे साखरेचा डबा माणसांनाही सापडत नाही!"

खरंच सापडत नव्हता. आप्पांच्या भीतीने मी तो लपवायचे. जागा बदलत राहायचे. धान्याच्या कोठीमागे, शिलाई मशीनच्या खणात, कुठे कुठे.

पुढे आप्पा नातीच्या साखरपुड्याला मुरबाडला गेले आणि सुमनताईंकडेच राहिले. रविवारी दुपारी गोट्या ओट्याखालून बाहेर आला, दारू प्यालेल्यासारखा झोकांड्या खात. धपकन आडवा पडला आणि पाय झाडायला लागला.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या ओरडल्याच, "शुगर एकदम उतरलीय! साखर चोळा हिरड्यांना! लगेच!"

आणि मला साखर सापडेना!

कोठीमागे नाही. खणात नाही. मीच लपवलेली, मलाच आठवेना. मिस्टर डबे जमिनीवर फेकतायत, मी रडतेय, गोट्याचे डोळे फिरलेले. शेवटी कुंपणाकडे धावले आणि बोंब मारली, "काकू, साखर!"

बाळीकाकू गुळाचा खडा घेऊन पळत आल्या. वाटीत पाणी घालून कुस्करला, बोटाने त्याच्या हिरडीला चोळत राहिल्या आणि तोंडाने मला चोळत राहिल्या, "मी बोलत होती ना! गोड दे त्याला, गोड दे! आयकलंस माझं?"

बऱ्याच वेळाने गोट्याने डोळा उघडला. आधी काकूंचं बोट चाटलं. मग मला चावला.

* * *

त्याच संध्याकाळी मी मुरबाडला फोन लावला. मनात संशय पक्का होता. आप्पा घरात होते तेव्हा शुगर वर, आप्पा गेले आणि खाली. वाढवलेला डोस आप्पांच्या हिशेबाने होता, बोक्याच्या नाही!

"आप्पा, खरं सांगा. गोट्याला काय घालत होतात?"

"काय नाय गो."

"आप्पा, तो मरता मरता वाचलाय."

 पलीकडून हळूच आवाज आला, "दुधात बुडवून बिस्कूट. मी खायाचो तवा त्यालाबी द्यायाचो. एकट्यानं चोरून खाल्लं तर अन्न अंगाला लागत नाय."

स्टाफरूममध्ये ह्यावर सगळ्यात मोठा हशा येतो.

* * *

त्यापुढचं मी भरभर सांगते.

आप्पा परत आले. गोट्याला त्यांनी त्यानंतर खरंच काही दिलं नाही. एकट्याने खायला लागले. गोट्याची शुगर हळूहळू जाग्यावर आली, चाल सुधारली. त्याला सुई दिली की मी दुसरी, त्यांना लिहून दिलेली, घेऊन आप्पांपुढे उभी राहायचे. "आप्पा, बघा, बोका सुद्धा घेतो." आप्पा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मिस्टर डबा भरता भरता हे रोज बघायचे.

थंडीत आप्पांच्या अंगठ्याला बांधावर ठेच लागली. त्यांनी ती लपवली. वास आला तेव्हा आम्हाला कळलं. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. मग आप्पाच गेले.

दिवसकार्याला सगळं गणगोत जमलं होतं. पंगत उठली, बायका पानं गोळा करत होत्या. आणि सुमनताई पडवीत उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "बोक्याला टायमावर सुई टोचली हिनं. माझ्या बापाला नाय टोचली."

 मी मिस्टरांकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं त्यांना फक्त. ते वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. बाळीकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी पानं उचलली आणि उकिरड्याकडे गेले.

त्यानंतर गावात मी 'बोकेवाली बाई' झाले. पोरंही म्हणतात. रागावून बोलत नाहीत, नुसतं नाव म्हणून.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी शाळेत अजून कुणाला सांगितलेला नाही.

परवा, भातकापणी आटोपल्यावर, सकाळीच दारात रिक्षा थांबली. सुमनताई. एकट्याच. दिवसकार्यानंतर पहिल्यांदा. मिस्टर कामाला गेलेले. मला वाटलं आता आणखी काय राहिलंय बोलायचं!

त्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. वाळल्या होत्या. ब्लाउजच्या बाह्या सैल लोंबत होत्या. तांब्याभर पाणी प्यायल्या, तांब्या पुन्हा पुढे केला.

मी चहा टाकला. साखरेचा डबा हल्ली उघड्यावरच असतो. चमचा बुडवला तर त्या म्हणाल्या, "बिनसाखरेचा दे."

मी चमचा परत ठेवला. चहा गाळून कप त्यांच्या हातात दिला.

गोट्याची वेळ झाली होती. मी त्याच्यापुढे ताटली ठेवली, फ्रिजमधून बाटली काढली, सुई भरली. तो खात होता. मी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली. सुमनताई पाट पुढे ओढून, मान वाकवून बघत होत्या. कुठे टोचते, किती आत जाते, सगळं. सुई आत गेली तेव्हा डोळे त्यांनी मिटले. गोट्याने वरसुद्धा पाहिलं नाही.

"दुखतं काय गो त्याला?"

मी सुईला टोपण लावलं.

"त्यालाच विचारा, ताई."

मला वाटलं, उठून जातील. त्यांनी कप खाली ठेवला, पदर सावरला, जमिनीवर हात टेकून गोट्याच्या तोंडाजवळ वाकल्या आणि अगदी हळू विचारलं, "दुखतं काय रे?"