आरसेकाकांचं व्हायोलिन

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. फर्निचरला पॉलिश करायचे, आणि हात असा की त्यांनी घासलेल्या टेबलात बघून दाढी करता यावी. म्हणून ते आरसेकाका. कुणाच्या घरी गेले की बसायच्या आधी खुर्चीच्या पाठीवरून तळवा फिरवायचे, नाक आक्रसायचे आणि म्हणायचे, "कुणी केलंय? घाईत केलंय." पाणी यायच्या आत यजमान खजील.

व्हायोलिनच्या दुकानात मात्र त्यांची मात्रा चालली नाही.

मुलीला पहिलं व्हायोलिन लहान पडू लागलं होतं. दुकान पहिल्या मजल्यावर होतं. छताखाली ओळीने मानेला धरून टांगलेली व्हायोलिनं, घट्ट मिटलेल्या खिडक्या, सरसाचा वास. मालक म्हातारे, चष्मा कायम कपाळावर, आणि प्रत्येक वाक्याला 'म्हणजे असं बघा'ची शेपटी पुढून लावायचे.

"म्हणजे असं बघा, दोघंही भिंतीकडे तोंड करून बसा."

"का? गृहपाठ नाही केला म्हणून?" आरसेकाका म्हणाले.

"म्हणजे असं बघा, इथे घ्यायचं ते पाठ करून. डोळे मधे आले की कान झोपतात."

मालकांनी पाच व्हायोलिनांवर एकच धून वाजवून दाखवली. आरसेकाकांना पाचही सारखीच लागली. मुलगी म्हणाली, "तिसरं." मालकांनी क्रम बदलून पुन्हा वाजवलं. "आता पहिलं," ती म्हणाली. ते तेच निघालं.

दोघं वळले, आणि आरसेकाकांचा चेहरा पडला. खांद्यापाशी रंग उडालेला, हनुवटीच्या जागी काळा डाग, पोटावर ओरखडे. शेजारचं दुसरं कसं मधासारखं चमकत होतं.

"अगं, हे? ह्याला तर कुणी रस्त्यावरून घासत आणलंय."

"बाबा, हेच," मुलगी म्हणाली. तिने ते छातीशी धरलंही होतं.

निघताना मालक म्हणाले, "म्हणजे असं बघा, कोरड्या फडक्याने पुसा. बाकी हात लावू नका."

आरसेकाका जिन्यात हसले. हे वाक्य त्यांच्याच धंद्यातलं होतं. तेही प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे, म्हणजे पुढचं काम आपल्याचकडे येतं.

आठ महिने मुलगी त्या व्हायोलिनवर रियाज करत होती, आणि आठ महिने आरसेकाकांना तो काळा डाग दिसत होता. मग शहरातल्या वाद्यवृंदासाठी निवडचाचणी जाहीर झाली. तिथली पोरं चकचकीत व्हायोलिनं घेऊन येणार आणि आपली, म्हणजे आरसेकाकांची मुलगी, हे भंगार गळ्याशी धरून उभी राहणार. लोक काय म्हणतील?

निवडीच्या आधीच्या आठवड्यात मुलगी चार दिवस मावशीकडे गेली. तिथे तान्हं बाळ होतं, म्हणून वाद्य घरीच राहिलं. आरसेकाकांनी तारा काढल्या आणि पॉलिशपेपर हातात घेतला.

"अहो, तिला विचारलंत का?" बायकोने दारातून विचारलं.

"विचारून देतात त्याला भेट म्हणत नाहीत."

"माझ्या कपाटालाही भेट दिली होतीत. महिनाभर माझ्या कपड्यांना स्पिरिटचा वास होता. बसमधे लोक माझ्यापासून लांब उभे राहायचे."

"कपाट अजून चमकतंय की नाही?"

कपाट खरंच चमकत होतं.

त्यांनी सगळा जुना रंग उतरवला. ओरखडे जाईपर्यंत लाकूड घासलं. खोल होते तिथे लांबी भरली. मग लाख आणि स्पिरिट, फडक्यात गुंडाळलेला कापसाचा बोळा, आणि हाताच्या अकरा फेऱ्या. इतका जीव ओतून त्यांनी कुठलंच काम केलं नव्हतं. शेवटी व्हायोलिनमधे त्यांना आपल्या भुवया मोजता आल्या.

मुलगी आली. पेटी उघडली आणि तशीच उभी राहिली.

"बाबा, किती सुंदर झालंय," ती म्हणाली. मग तारा जुळवल्या आणि गज ओढला.

सर्दी झालेला माणूस पांघरुणातून बोलतो तसा आवाज आला. तिने सूर पुन्हा जुळवला. पुन्हा ओढला. तेच.

"ओलं असेल अजून," ती हळूच म्हणाली. "वाळलं की होईल ठीक."

ते दोन दिवसांपूर्वीच वाळलं होतं. पॉलिश कधी वाळतं हे आरसेकाकांना कुणी सांगायला नको होतं. ते "हो, हो, ओलंच आहे," म्हणाले आणि चपला घालून व्हायोलिनसकट दुकानात गेले.

मालकांनी चष्मा प्रथमच कपाळावरून नाकावर आणला. बराच वेळ पाहिलं. या वेळी शेपटीसुद्धा लागली नाही.

"पाठ करून बसा," ते म्हणाले.

आधी दुकानातलं एक वाजलं, मग घरचं. आरसेकाकांना या वेळी फरक कळला. इतका स्वच्छ कळला की वळून बघायची हिंमत होईना.

"पुन्हा उतरवता येईल ना?"

"म्हणजे असं बघा, रंग उतरेल. घासून गेलेलं लाकूड कुठून आणायचं? दुसरं एखादं देतो निवडीपुरतं, घेऊन जा."

पण मुलगी तयार झाली नाही. "दोन दिवसांत परक्या वाद्यावर हात बसत नाही, बाबा. मी हेच नेणार."

निवडीच्या दिवशी आईवडिलांना दालनात प्रवेश नव्हता. बाकीचे बाप दाराच्या काचेला नाक लावून उभे होते. आरसेकाका बोळातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसले. कुणीतरी विचारलं, "काका, रुसलात का?" त्यांनी बोटाने गप्प बसायची खूण केली.

आतून एकामागून एक व्हायोलिनं वाजली. मुलीचं लागलं तेव्हा त्यांनी लगेच ओळखलं. सगळ्यांत दबलेलं तेच होतं. पण ती शेवटपर्यंत वाजवत गेली, कुठे अडखळली नाही, एक सूर हलला नाही. त्यांनी बोटं दुमडत दुमडत ऐकलं.

यादीत तिचं नाव नव्हतं.

बाहेर येऊन तिने पेटी खांद्याला लावली. "माझंच चुकलं, बाबा. मधे बोट घसरलं. ऐकलं ना तुम्ही?"

आरसेकाकांनी तिच्या खांद्यावरची पेटी घेतली.

"हो," ते म्हणाले. "घसरलं थोडंसं."