एका फोटोत एकच वस्तू

सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुठ्ठेवाल्या काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुरळ्या वळत होत्या. वर्तमानपत्राचं पान उभं कापायचं, कोपऱ्यावर छत्रीची काडी तिरकी ठेवायची, पान तिच्याभोवती घट्ट गुंडाळत न्यायचं, टोकाला बोटभर खळ लावायची आणि काडी ओढून काढायची. मागे पेन्सिलीच्या जाडीची कागदी सुरळी उरते. वाळल्यावर टेबलावर आपटली तर लाकडासारखी वाजते. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं वाटेला जात नाहीत. छत्री मोडून बरीच वर्षं झाली. तिच्या कापडाची पिशवी झाली, दांडा खिडकीच्या पडद्याला लागला आणि काड्या इथे आल्या.

"आजचा नाही ना कापलास?" दारातून आवाज आला. काकूंचे यजमान पेपर उचलायला निघाले होते. ते बस डेपोत टाइमकीपर होते. निवृत्त झाले तरी इमारतीत सगळे त्यांना टाइमकीपरच म्हणतात. "पेपर आधी वाचायचा, मग कापायचा. काय समजलं?"

"समजलं. कालचाच आहे."

'काय समजलं' हे त्यांचं पालुपद. डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांना वेळा सांगून सांगून ते जिभेला चिकटलं, ते अजून सुटलेलं नाही.

काकूंचं हे काम छंद म्हणून सुरू झालेलं नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या. चपटा आलेला पुठ्ठा हाताच्या एका झटक्यात खोकं करून उभा करायचा, गोळ्यांची पट्टी आणि माहितीचा कागद आत सारायचा, झाकण खोचायचं. लग्न झालं, मुलगा झाला, मुलगा नोकरीसाठी दूर गेला, तरी हात तेच करत राहिले. मग घडी घालणारं यंत्र आलं आणि पॅकिंगच्या बायका घरी आल्या. काकूंच्या हातांना घरी बसणं जमलं नाही. आज त्यांच्या घरात बसायचं स्टूल कापडाच्या ताग्याच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्यांचं आहे. चपलांचं कपाट फ्रिजच्या खोक्याचं, दिव्याचं झाकण दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या विणून केलेलं, घड्याळाची तबकडी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाची. पाहुण्यांना घर दाखवताना टाइमकीपर सांगायचे, "या घरात रिकामा डबा आणि रिकामा माणूस, दोघांनाही कामाला लावतात."

घरात जागा संपली तसं काम बाहेर जाऊ लागलं. बाहेर म्हणजे धाकट्या बहिणीकडे. धाकटी काकूंहून अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिच्या वेण्या, तिचा डबा, तिचा अभ्यास सगळं काकूंनीच पाहिलं. तिच्या वह्यांना कव्हरं कंपनीतल्या तपकिरी कागदाची असायची आणि तिचं बाहुलीचं घर खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांचं होतं, दार उघडणारं, जिन्यासकट. लग्नानंतर धाकटी पाच-सहा स्टॉप पलीकडे राहायला गेली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकूंचा गुडघा बिघडल्यापासून त्यांना ते चार मजले चढता आलेले नाहीत. धाकटीच इकडे यायची. आणि काकूंनी केलेली वस्तू टाइमकीपर स्कूटरच्या मागच्या कॅरिअरला बांधून तिकडे पोचवायचे. संध्याकाळी फोनवर फोटो यायचा. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली टोपली, शेजारी कुंडी, खाली धाकटीचा मजकूर: 'ताई, बघ कशी शोभतेय!' काकू तो फोटो मोठा करून बघायच्या आणि वीण कुठे ढिली पडलीय ते शोधायच्या.

गेल्या महिन्यात धाकटीने घर बदललं. नवं घर तळमजल्यावर. पहिल्या चहाला येत्या गुरुवारी बोलावलं होतं, आणि काकूंनी लगेच विचारलं होतं, "माझ्या वस्तू कुठे कुठे लावल्यास?"

"ताई, काय सांगू," धाकटी म्हणाली होती, "ट्रकमध्ये सगळ्या चेपल्या गं. वर कपाट ठेवलं त्या लोकांनी."

"ते ट्रकवाले असलेच," टाइमकीपर सोफ्यावरून म्हणाले होते.

त्यावर काकूंनीच धाकटीची समजूत काढली. रडू नकोस, नवीन करते. नव्या घरात दार उघडलं की थेट हॉल दिसतो, असं ऐकल्यावर त्यांनी आडोसा करायला घेतला. तीन उभ्या चौकटी, कापडी पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या, आत सुरळ्यांची वीण. सोमवारी दोन चौकटी पुऱ्या होऊन भिंतीला टेकल्या होत्या. तिसरीला रद्दी कमी पडली.

नेहमीच्या रद्दीवाल्याकडे त्या दिवशी रंगीत पुरवण्याच होत्या. गुळगुळीत कागद खळ धरत नाही. तेव्हा काकूंना आठवलं की धाकटीच्या जुन्या घरामागे एक मोठं रद्दीचं दुकान आहे. टाइमकीपर डुलकी काढत होते. काकू बसने एकट्याच गेल्या.

दुकानदार तराजूजवळ बसला होता. त्याच्यासमोर टेबलावर तीन कप्प्यांचा एक कागदी डबा होता. एका कप्प्यात चष्मा, एकात खडू, एकात लोखंड ओळखायचं लोहचुंबक. काकूंनी डबा उचलला आणि वर धरून तळ बघितला. नवी वस्तू सुरू करताना त्या तळाला त्या दिवसाच्या वर्तमानपत्राची तारखेची पट्टी चिकटवतात. पट्टी जागेवर होती. तो डबा त्यांनी धाकटीच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी केला होता.

"मावशी, ते विकायचं नाही हां," दुकानदार म्हणाला. "ते माझं आहे."

"कुठून आणलंत?"

"आणतोय कशाला? घरबसल्या येतं. एक साहेब आहेत, स्कूटरवाले. मागच्या बिल्डिंगमधून घेऊन यायचे. कधी टोपली, कधी ट्रे. आणि वर मलाच दम. लगेच फोडून टाक, बाहेर मांडू नकोस, कुणाला देऊ नकोस, काय समजलं? प्रत्येक वाक्याला काय समजलं, काय समजलं! मी म्हटलं, समजलं हो साहेब." तो हसला. "पण हे फुटेल तर ना! उभा राहिलो त्याच्यावर, तर मीच घसरलो. म्हटलं, इतकं जीव धरून आहे तर राहू दे."

"बाकीच्या?"

"बाकीच्या गेल्या कागद कारखान्यात. लगदा." मग त्याने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाला पाहिजे होत्या का?"

"नको," काकू म्हणाल्या. "मला साधी रद्दी द्या. पुरवण्या नकोत." रद्दी त्यांनी नीट निवडून घेतली, कारण त्यासाठीच त्या आल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये त्यांनी फोनवरचे फोटो उघडले. टोपली, ट्रे, पत्रांचा डबा, आरशाची चौकट, रिमोट ठेवायची पेटी. सगळ्यांमागे तोच कट्टा, तीच कुंडी. हे त्यांनी आधीही शंभरदा पाहिलं होतं. आता पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. ट्रेच्या फोटोत टोपली नव्हती. डब्याच्या फोटोत ट्रे नव्हता. इतक्या वर्षांत एकाही फोटोत दोन वस्तू एकत्र नव्हत्या. वीण तपासायच्या नादात कट्ट्याची उरलेली जागा त्यांनी कधी बघितलीच नव्हती.

घरी आल्या तेव्हा टाइमकीपर रेडिओचं मागचं झाकण उघडून बसले होते.

"रद्दीसाठी एवढ्या लांब?" गठ्ठ्यावरचं दुकानाचं नाव त्यांनी वाचलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तो माणूस म्हणाला, तुम्ही फोडून टाकायला सांगायचात."

टाइमकीपर रेडिओचे सुटे स्क्रू एका ओळीत लावू लागले. "त्यांच्याकडे जागा कुठे होती? दोन खोल्या. साडूला पसारा खपत नाही."

"मग परत आणायच्या."

"परत आणल्या असत्या तर तुला कळलं असतं."

"म्हणजे मला कळू नये म्हणून फोडायच्या?"

"तू खूश होतीस. आठ-आठ दिवस तो फोटो शेजारणींना दाखवत फिरायचीस. ती सांगू शकत नव्हती, मी सांगू शकत नव्हतो. कुणाचं काय बिघडलं, सांग बघू?"

काकूंनी दुसराच प्रश्न विचारला. "फोटो काढायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

टाइमकीपरांनी झाकण रेडिओला लावून पाहिलं. ते उलटं होतं. "माझ्या," ते म्हणाले.

"आणि हा आडोसा? हा किती दिवस उभा राहणार होता?"

"तुझी फेरी होईपर्यंत तरी."

मग काकूंनी धाकटीला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे टाइमकीपरांनाही ऐकावा लागला.

"कुठलंच सामान ट्रकमध्ये चेपलं नव्हतं ना?"

पलीकडे पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. "भावजींनी सांगितलं का?"

"भावजी कसले सांगतात! रद्दीवाल्याने सांगितलं."

"ताई, मी भावजींना म्हटलं होतं, असं नको. ते म्हणाले, तू फक्त फोटो पाठव, बाकी मी बघतो."

"वा!" टाइमकीपर फोनकडे वळून म्हणाले. "आणि पहिल्या टोपलीच्या वेळी 'हे आजच्या आज घेऊन जा' कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही दोघं नंतर भांडा," काकू म्हणाल्या. "मला एवढंच सांग, एकही ठेवावीशी वाटली नाही?"

धाकटीचा आवाज रडका नव्हता. "ताई, मी खोक्यांतच वाढले गं. वह्यांना कागद कंपनीचा, बाहुलीचं घर खोक्यांचं. वर्गात मुली वास घ्यायच्या माझ्या वहीचा. म्हणायच्या, हिला खोकला झालाय. स्वतःच्या घरात तरी मला दुकानातून आणलेलं हवं होतं. हे तुला कसं सांगायचं?"

"बाहुलीचं घर तुला आवडायचं."

"तू घरी यायच्या वेळेला मी ते पुढे काढून ठेवायचे."

काकूंनी फोन बंद केला. टाइमकीपरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो तिथेच राहिला.

इमारतीत या गोष्टीचा फार बोभाटा झाला नाही. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना तेवढी कळली, कारण चिंध्या त्यांच्याकडून येतात. त्यांचं मत स्पष्ट होतं. "बहिणीचं सोडा हो. ती म्हणाली, नको. नको तर नको. पण घरातल्या माणसाने स्वतः वाहून न्यायचं आणि फोडा म्हणून सांगायचं?" काकूंनी त्यांच्याकडून कापडी पट्ट्या घेतल्या. मत तिथेच राहू दिलं.

मंगळवारी टाइमकीपरांनी पुष्कळ कामं केली. पंख्याची पाती पुसली, गॅसची नळी बदलली, न सांगता दूध आणलं. बोलणं मात्र गरजेपुरतंच चाललं. भाजी कोणती, किल्ली कुठे. संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. "आडोशाचं काय करणार? मोडून टाक. सुरळ्या दुसऱ्या कशाला तरी वापर."

"मोडता येत नाही," काकू म्हणाल्या. "खळ वाळली की सुरळी उलगडत नाही. फाडावी लागते."

"मग फाड."

"मी कशाला? फाडायला तुमचा माणूस आहे ना."

त्यानंतर रेडिओचा आवाज जरा मोठा झाला.

बुधवारी दुपारी तिसरी चौकट पुरी झाली. शिंपीणबाईंकडच्या पट्ट्यांनी काकूंनी ती बाकीच्या दोघींना जोडली आणि आडोसा उभा केला. त्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये भिंत नाही. कामाचं टेबल आणि टाइमकीपरांची खुर्ची समोरासमोर आहेत. निवृत्तीनंतर ते त्या खुर्चीत बसून बातम्या मोठ्याने वाचायचे आणि काकू सुरळ्या वळत ऐकायच्या. आडोसा नेमका त्या दोघांच्या मध्ये बसला. उंची धाकटीच्या हॉलच्या मापाने घेतलेली होती, त्यामुळे खुर्चीतून टेबल दिसत नाही. टेबलावरून खुर्चीही दिसत नाही.

"अगं," पलीकडून आवाज आला, "आता मला चहा कुठून मिळायचा?"

"उठून, फिरून इकडे यायचं. ओट्यावर ठेवलेला असेल. काय समजलं?"

पलीकडे पेपरचं पान उलटलं. थोड्या वेळाने टाइमकीपर फिरून आले, चहा उचलला आणि उभ्यानेच पिऊन कप विसळला. आडोसा न्यायला ठरवलेल्या टेम्पोवाल्याला नको म्हणून त्यांनीच कळवलं. धाकटीला काकूंनी कळवलं. गुडघ्याचं कारण त्यांनी दिलं नाही. "येणार नाही," एवढंच म्हणाल्या. धाकटीने कधी येशील म्हणून विचारलं, त्यावर त्या म्हणाल्या की आत्ता सांगता येत नाही.

उद्या गुरुवार. टाइमकीपर दहा वाजता स्कूटर काढतील आणि एकटे चहाला जातील. मागच्या कॅरिअरला काही बांधलेलं नसेल. दर गुरुवारी काकूंच्या घरी आठवड्याची खळ शिजते. उद्याही सव्वासहाला पातेलं गॅसवर चढेल.